इम्युनोथेरपीचं औषध एक्सोसोममधून द्यायचं असेल, तर आधी काय ठरवावं?

एका संशोधक विद्यार्थ्याने विचारलं आहे: एक्सोसोम हे शरीराच्याच पेशींनी सोडलेले कण असल्यामुळे प्रतिकारयंत्रणा त्यांना परकं मानत नाही. ट्यूमरच्या पेशींपासून काढले तर ते ट्यूमरकडेच जातात. मग त्यांत अँटी-पीडी-१ अँटिबॉडी (टी पेशींना रोखणारा पीडी-१ रेणू अडवणारं प्रथिन) किंवा स्टिंग अ‍ॅगोनिस्ट (पेशीतलं स्टिंग हे धोक्याची सूचना देणारं प्रथिन चेतवणारं औषध) भरून दिलं, तर औषध नेमकं गाठीत पोहोचेल आणि दुष्परिणाम टळतील, हे बरोबर ना? आणि प्रबंधासाठी एक्सोसोम घ्यावेत की लिपोसोमच (लिपिडांच्या कृत्रिम पिशव्या) बरे?

प्रश्न चांगला आहे आणि मी या कामात असल्यापासून वेगवेगळ्या रूपांत तो ऐकत आलो आहे. त्यात तीन-चार गृहीतकं एकत्र आली आहेत. ती सुटी केल्याशिवाय उत्तर देता येत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही वाहकापासून सुरुवात केली आहे आणि औषध नंतर निवडताय. माझ्या मते क्रम उलटा हवा. पहिला प्रश्न असा की तुमचं औषध कोणत्या पेशीवर काम करतं, आणि त्या पेशीच्या बाहेर, पृष्ठभागावर, एंडोसोममध्ये (पेशीने गिळलेला माल जातो त्या कप्प्यात) की सायटोप्लाझममध्ये (पेशीच्या आतल्या द्रवात). याचं उत्तर एका वाक्यात लिहिता आलं, की एक्सोसोम हवा की नको, हवा असेल तर कुठल्या पेशीचा, आणि औषध आत भरायचं की बाहेर लावायचं, हे बरंचसं आपोआप ठरतं. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर प्रयोग कितीही नेटके केले तरी निकालाचा अर्थ लावणं कठीण जातं.

आधी 'शरीराचेच' या मुद्द्याकडे वळू. १९८३ मध्ये रोझ जॉनस्टोन आणि फिलिप स्टाल यांच्या दोन स्वतंत्र गटांनी अपक्व लाल रक्तपेशींमध्ये हे कण पाहिले. पक्व होताना या पेशी ट्रान्सफेरिन रिसेप्टर (लोह आत घेणारं प्रथिन) लहान पुटिकांतून, म्हणजे पटलाच्या पिशव्यांतून, बाहेर टाकत होत्या. त्यामुळे पुढे बरीच वर्षं ही पेशीची कचरा काढायची व्यवस्था आहे असाच समज राहिला. १९९६ मध्ये ग्रासा रापोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बी पेशींच्या एक्सोसोमवर एमएचसी रेणू असतात आणि ते टी पेशींना (हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशींना) प्रतिजन, म्हणजे ओळखण्याजोगे प्रथिनाचे तुकडे, दाखवू शकतात. प्रतिकारशास्त्राच्या दृष्टीने खरी गोष्ट तिथून सुरू होते. म्हणजे हे कण प्रतिकारयंत्रणेपासून लपून राहतात असं म्हणण्यापेक्षा ते तिच्याशी सतत बोलत असतात असं म्हणणं वस्तुस्थितीला धरून आहे. तुम्ही इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेलाच कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारा उपचार, करायला निघाला आहात, त्यामुळे हा फरक तुमच्यासाठी कळीचा आहे.

लपून राहण्याबद्दल प्रत्यक्ष आकडे पाहिले तर उत्साह थोडा ओसरतो. शुद्ध केलेले एक्सोसोम उंदराच्या शिरेत टोचले, तर त्यांतले बहुतेक काही मिनिटांत रक्तातून नाहीसे होतात. ते मुख्यतः यकृत आणि प्लीहेत जातात आणि तिथले मॅक्रोफेज (भक्षक प्रतिकारपेशी) त्यांना गिळतात. पुटिकेवर सीडी४७ हे प्रथिन असेल तर 'मला खाऊ नका' असा संदेश मिळून हे थोडं लांबतं. २०१७ मध्ये रघु कल्लुरी यांच्या गटाने स्वादुपिंडाच्या कर्करोगावर केआरएएस जी१२डी या कर्करोगाला चालना देणाऱ्या जनुक-बदलाविरुद्धचा एसआयआरएनए (जनुक बंद करणारा छोटा आरएनए) एक्सोसोममधून दिला, तेव्हा लिपोसोमच्या तुलनेत मिळालेल्या फायद्याचं एक कारण त्यांनी हेच दिलं होतं. पण 'थोडं लांबतं' आणि 'दिसतच नाही' यांत मोठं अंतर आहे.

आता 'ट्यूमरचे एक्सोसोम ट्यूमरकडेच जातात'. यामागे खरं निरीक्षण आहे, पण ते वेगळंच सांगतं. २०१५ मध्ये डेव्हिड लायडन यांच्या गटाने दाखवलं की ट्यूमरच्या एक्सोसोमवरचे इंटिग्रिन (चिकटण्याची प्रथिनं) त्यांचा ठिकाणा ठरवतात. अल्फा६-बीटा४ आणि अल्फा६-बीटा१ असतील तर फुप्फुस, अल्फाव्ही-बीटा५ असेल तर यकृत. म्हणजे हे कण मूळ गाठीकडे परतत नव्हते. ज्या अवयवात पुढे मेटास्टॅसिस (कर्करोगाचा प्रसार) होणार होता, तिथे आधी जाऊन जमीन तयार करत होते. हे वाचून कोणी म्हणेल, 'छान, फुप्फुसाकडे नेणारा वाहक मिळाला'. मी आधी विचारेन की तिथे पोहोचल्यावर औषध सोडण्याखेरीज तो कण आणखी काय काय करणार आहे.

कारण ट्यूमरच्या एक्सोसोमवर पीडी-एल१ असतं, म्हणजे पीडी-१ ला चिकटून टी पेशींना थांबवणारं प्रथिन. २०१८ मध्ये मेलानोमाच्या रुग्णांच्या रक्तात फिरणाऱ्या एक्सोसोमवर ते दाखवलं गेलं. पुढच्या वर्षी आणखी एका गटाने उंदरांमध्ये ट्यूमरचं एक्सोसोमी पीडी-एल१ थांबवलं, तेव्हा टी पेशी पुन्हा कामाला लागल्या. आता अँटी-पीडी-१ उपचाराला मदत म्हणून तुम्ही बाहेरून हेच पीडी-एल१ असलेले कण भरभरून टोचलेत, तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होईल. त्यांच्यावर टीजीएफ-बीटा आणि फास लायगंड हे टी पेशींना दाबणारे रेणूही सापडतात. दुसऱ्या बाजूला त्यांत ट्यूमरचे प्रतिजनही असतात, म्हणून लस म्हणून त्यांचा विचार झाला आणि तो विचार चुकीचा नव्हता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पहिल्या टप्प्याच्या चाचणीत आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या पोटातल्या पाण्यातून एक्सोसोम काढून त्यांनाच परत दिले गेले. जीएम-सीएसएफ (प्रतिकारपेशींना चालना देणारं प्रथिन) जोडीला असताना ट्यूमरविरोधी टी पेशींचा प्रतिसाद दिसला. म्हणजे सोबत चेतवणारं काहीतरी लागतं. नुसता प्रतिजन दमनकारी आवरणात गुंडाळून दिला तर शरीर तो सहन करायलाच शिकण्याचा धोका आहे.

म्हणून मी नेहमी सांगतो की पुटिका हा रिकामा डबा नाही. ज्या पेशीतून ती आली तिची प्रथिनं, लिपिडं आणि आरएनए घेऊन ती आलेली असते. दाता पेशी निवडताना तुम्ही निम्मं औषध निवडत असता.

आता तुमची दोन औषधं घेऊ. त्यांची उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट येतात.

अँटी-पीडी-१ अँटिबॉडी टी पेशीच्या पृष्ठभागावरच्या रेणूला बाहेरून चिकटते. तिला पेशीच्या आत जायचंच नाही. रक्तात तिचं अर्धायुष्य सुमारे तीन आठवडे. तिला मिनिटांत नाहीशा होणाऱ्या कणात कोंडायचं, आणि त्या कणाने ती बहुधा यकृतातल्या मॅक्रोफेजच्या एंडोसोममध्ये नेऊन सोडायची, यातून काय साधतं? थोडा हिशोब करू, म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते स्पष्ट होईल.

१०० नॅनोमीटर व्यासाची पुटिका धरा. पटलाची जाडी साधारण ५ नॅनोमीटर, म्हणजे आतला व्यास ९०. आतली जागा येते सुमारे ३,८०,००० घन नॅनोमीटर. या जागेत १ मिलिमोलर तीव्रतेचं द्रावण पूर्ण भरलं, तर त्यात रेणू किती? साधारण २३०. अँटिबॉडीच्या बाबतीत १ मिलिमोलर म्हणजे लिटरला १५० ग्रॅम, इतकं दाट द्रावण आत जाणं विसराच. मिलिलिटरला १० मिलिग्रॅम धरलं, तर एका पुटिकेत सरासरी १५ रेणू. पेम्ब्रोलिझुमॅबचा प्रौढांसाठीचा एक नेहमीचा डोस २०० मिलिग्रॅम. तेवढे रेणू वाहायला ५ वर १६ शून्यं इतक्या पुटिका लागतील. एक मिलिलिटर कल्चर मीडियामधून १ अब्ज पुटिका मिळतात असं धरलं, तर एका डोससाठी ५०,००० लिटर कल्चर. डोस बराच कमी करता येईल असं मानलं तरी हिशोब जुळत नाही. हा हिशोब करायला दहा मिनिटं लागतात, आणि तो पुटिकांच्या कामाचा कुठलाही प्रस्ताव लिहिण्याआधी करावा, असा माझा आग्रह असतो.

स्टिंग अ‍ॅगोनिस्टचं वेगळं आहे. सायक्लिक डायन्यूक्लिओटाइड हा लहान पण विद्युतभारित रेणू. तो पेशीपटलातून सहज आत जात नाही आणि स्टिंग प्रथिन तर आत, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पटलावर बसलेलं. मोकळं औषध गाठीत टोचलं तर ते भराभर रक्तात पसरतं. जे उरतं ते सगळ्याच पेशींना मिळतं, आणि टी पेशींमध्ये स्टिंग जोरात पेटलं तर त्या मरूही शकतात. आपल्याला ते हवं असतं प्रतिजन दाखवणाऱ्या पेशींमध्ये, म्हणजे डेन्ड्रिटिक पेशी आणि मॅक्रोफेजमध्ये. आणि पुटिका गिळण्यात पटाईत असलेल्या पेशी नेमक्या याच! शिरेतून देताना जी अडचण होती तीच इथे फायद्याची ठरते. कोडियाक बायोसायन्सेस या कंपनीने याच तर्कावर एक्सोस्टिंग बनवलं. उंदरांमध्ये गाठीत टोचल्यावर ते मोकळ्या औषधापेक्षा सुमारे शंभरपट कमी मात्रेत काम करताना दिसलं.

वरचाच हिशोब इथे लावा. १ मिलिमोलर भरलेल्या १०० अब्ज पुटिकांमध्ये ७०० डाल्टनचं औषध बसेल सुमारे २७ नॅनोग्रॅम. मोकळं औषध उंदराच्या गाठीत टोचायचं तर मायक्रोग्रॅममध्ये लागतं. पण गरज शंभरपट कमी होत असेल, तर हे आकडे एकमेकांच्या जवळ येतात. म्हणजे हे जमण्यासारखं आहे, पण भरण्याची कार्यक्षमता चांगली लागेल, हे कागदावरच कळतं.

तिसरा प्रकार तुम्ही विचारला नाहीत, पण मला स्वतःला तो सर्वांत आशादायक वाटतो: औषध आत न भरता पृष्ठभागावर बसवणं. आयएल-१२ हे सायटोकाइन (प्रतिकारपेशींमधलं संदेशवाहक प्रथिन) ट्यूमरविरुद्ध फार ताकदवान आहे, पण शिरेतून देण्याच्या १९९० च्या दशकातल्या चाचण्यांमध्ये त्याचे गंभीर दुष्परिणाम झाले आणि एका चाचणीत दोन रुग्ण दगावले. ते टी आणि एनके (नॅचरल किलर) पेशींच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरवर काम करतं, त्यामुळे त्याला आत नेण्याची गरज नाही. गरज आहे ती गाठीत टिकून राहण्याची आणि रक्तात न सांडण्याची. दाता पेशीमध्ये आयएल-१२ चं जनुक पीटीजीएफआरएन नावाच्या पटल-प्रथिनाला जोडून घातलं, की पेशी स्वतःच ते पृष्ठभागावर मिरवणाऱ्या पुटिका तयार करते. भरण्याचा प्रश्नच उरत नाही. एक्सोआयएल-१२ असंच बनवलं होतं आणि निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेखाली टोचल्यावर रक्तात आयएल-१२ आढळलं नाही. ज्यात बाहेर सांडणं हाच मुख्य अडथळा होता, अशा औषधासाठी ही महत्त्वाची खूण आहे. २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. त्यावरून कल्पना फसली असा निष्कर्ष मी काढत नाही. मोठ्या चाचण्यांपर्यंत ती पोहोचलीच नाही, एवढंच म्हणता येतं.

इथवरचं थोडक्यात: बाहेरून काम करणारी आणि रक्तात दीर्घकाळ टिकणारी अँटिबॉडी असेल तर एक्सोसोमची गरज नाही. एंडोसोममार्गे मॅक्रोफेज किंवा डेन्ड्रिटिक पेशीत पोहोचायचं असेल तर पुटिका कामाची आहे. पृष्ठभागावर काम करणारं पण रक्तात घातक ठरणारं प्रथिन असेल तर ते पुटिकेच्या बाहेर बसवा आणि शक्यतो गाठीत द्या.

एसआयआरएनए किंवा अँटिसेन्ससारखं (हेही जनुकाचा संदेश अडवतं) सायटोप्लाझममध्ये काम करणारं औषध मधल्या जागेत येतं. पुटिका पेशीत शिरली म्हणजे माल उतरला असं नसतं. बहुतेक पुटिका एंडोसोममधून थेट लायसोसोममध्ये जातात आणि पचतात. सायटोप्लाझममध्ये माल पोहोचण्याचं प्रमाण फार कमी असतं, म्हणून काही गट विषाणूचं व्हीएसव्ही-जी हे पटल जुळवणारं प्रथिन पुटिकेवर बसवतात. प्रमाण वाढतं, पण विषाणूचं प्रथिन आलं की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडंही आली. वारंवार डोस द्यायचे असतील तर याचा विचार आधीच करायला हवा.

आता दाता पेशी. इथे सर्वांत मोठा मानवी अनुभव डेन्ड्रिटिक पेशींच्या एक्सोसोमचा आहे, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. १९९८ मध्ये लॉरेन्स झिटवोगेल आणि सहकाऱ्यांनी उंदरांतले वाढलेले ट्यूमर अशा एक्सोसोमने मागे हटवल्याचं दाखवलं. २००५ मध्ये मेलानोमा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्या झाल्या. रुग्णाच्याच रक्तातल्या मोनोसाइट वाढवून, त्यांचे एक्सोसोम एमएजीई या ट्यूमर-प्रतिजनाच्या पेप्टाइडने सज्ज करून परत दिले. ते सुरक्षित ठरले. त्यानंतर फ्रान्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २२ रुग्णांवर दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. केमोथेरपीनंतर देखभालीचा उपचार म्हणून इंटरफेरॉन-गॅमाने परिपक्व केलेल्या पेशींचे एक्सोसोम दिले. चार महिने आजार न वाढलेले रुग्ण निम्मे असावेत हे उद्दिष्ट होतं, प्रत्यक्षात २२ पैकी ७ जणांमध्ये ते साधलं. २०१६ मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले. उद्दिष्ट गाठलं गेलं नाही, पण काही रुग्णांमध्ये एनके पेशींचं काम सुधारलेलं दिसलं.

यातून मी दोन गोष्टी शिकलो. एक, माणसात सुरक्षितपणा ही या वाहकाची खरी जमेची बाजू आहे. दोन, टी पेशींना चेतवण्याच्या हिशोबाने बनवलेल्या कणाने एनके पेशींना हलवलं, म्हणजे दाता पेशीच्या मालात आपण मोजत नसलेलं बरंच काही असतं. तुमच्या प्रयोगात टी पेशींबरोबर एनके पेशीही मोजा.

आणखी एक लक्षात घेण्यासारखं उदाहरण चीनमधलं आहे. तिथे ट्यूमरच्या पेशींना मेथोट्रेक्सेट देऊन त्यांनी सोडलेले मोठे कण, म्हणजे पटलावरून तुटलेले मायक्रोपार्टिकल, गोळा केले गेले. फुप्फुसाभोवती कर्करोगाचं पाणी साचलेल्या रुग्णांमध्ये ते थेट त्या पोकळीत दिले. ट्यूमरचेच कण होते, पण केमोचं औषध घेऊन, आणि शिरेऐवजी बंदिस्त पोकळीत. रुग्णांच्या छातीतल्या पाण्यात न्यूट्रोफिल गोळा होऊन कर्करोगपेशी कमी झाल्या. ठिकाण बदललं, की मघाचे आक्षेप कसे सौम्य होतात ते इथे दिसतं.

दाता पेशीचा प्रतिकारयंत्रणेवर आपला असा परिणाम नको असेल, तर एचईके२९३ सारखी (मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडापासूनची) पेशी-रेषा किंवा मेसेन्कायमल पेशी (संयोजी ऊतीतल्या मूळपेशींसारख्या पेशी) वापरतात. मेसेन्कायमल पेशींबद्दल माझं मत सावध आहे. त्यांच्या पुटिका दाह कमी करतात म्हणून प्रसिद्ध आहेत. केआरएएस बंद करायचं असेल तर हरकत नाही. पण तुम्हाला गाठीत दाह पेटवायचा आहे, त्यासाठी दाह विझवणाऱ्या पेशीचा कण का निवडायचा, याचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं.

औषध भरण्याच्या पद्धतींबद्दल फार लांबण लावत नाही. दाता पेशीला जनुक देऊन तिच्याकडूनच भरून घेणं सर्वांत स्वच्छ, पण ते प्रथिनं आणि आरएनएपुरतंच चालतं. तयार पुटिकांमध्ये बाहेरून भरताना नुसतं मिसळून ठेवणं, सोनिकेशन, गोठवणं-वितळवणं, सॅपोनिन, इलेक्ट्रोपोरेशन हे पर्याय आहेत. इलेक्ट्रोपोरेशनबद्दल एक इशारा. २०१३ मध्ये सॅंडर कूयमान्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की विजेच्या झटक्यात इलेक्ट्रोडमधून आलेल्या धातूच्या आयनांमुळे एसआयआरएनएचे गोळे तयार होतात. ते पुटिकांबरोबरच खाली बसतात आणि भरलेला माल म्हणून मोजले जातात. म्हणून एकही पुटिका न घालता फक्त औषध आणि बफर यांच्यावर तीच प्रक्रिया करून पाहा. त्या नळीतही 'भरलेलं औषध' दिसलं, तर मोजमापच पुन्हा उभारावं लागेल.

खरी मेहनत शुद्धतेत आहे. १,००,००० जी वर अल्ट्रासेंट्रिफ्यूज फिरवून नळीच्या तळाशी जो पिवळसर-तपकिरी ठिपका दिसतो तो पाहून नवख्यांना आनंद होतो. माझी शंका मात्र तो जितका मोठा तितकी वाढते, कारण त्यात गोळा झालेली प्रथिनं बरीच असतात. तोच ठिपका बफरमध्ये विरघळवून साइझ एक्सक्लूजन कॉलममधून काढला, की पुटिका आधीच्या भागांत येतात आणि मोकळी प्रथिनं नंतरच्या. प्रत्येक भागात कण आणि प्रथिन दोन्ही मोजा आणि त्यांचं गुणोत्तर बघा. नॅनोपार्टिकल ट्रॅकिंगचं यंत्र कण मोजतं, पण तो कण पुटिका आहे, लिपोप्रोटीन आहे की प्रथिनाचा गोळा, हे त्याला कळत नाही. सीडी९, सीडी६३, सीडी८१ (पुटिकांची खूण असलेली प्रथिनं) असल्याचं आणि कॅलनेक्सिन (पेशीच्या आतल्या भागांची भेसळ दाखवणारं प्रथिन) नसल्याचं वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिन ओळखणारी चाचणी, जोडीला हवंच. कल्चरमध्ये गायीचं सीरम घालत असाल, तर त्यातही गायीच्या पुटिका असतात. सीरमशिवायचं मीडिया किंवा पुटिका काढलेलं सीरम वापरा.

इम्युनोथेरपीच्या कामात मला सगळ्यात जास्त काळजी एंडोटॉक्सिनची असते. तुमच्या नमुन्यात जिवाणूंच्या आवरणातलं हे विष, म्हणजे एलपीएस, थोडंसं आलं, तर डेन्ड्रिटिक पेशी लगेच परिपक्व होतात, टीएनएफ आणि आयएल-६ वाढतात, आणि आलेख पाहून वाटतं की औषध सुंदर काम करतंय. कॉलम, बफर आणि पाणी या तिन्ही ठिकाणांहून ते येऊ शकतं. प्रत्येक तुकडीची एलएएल चाचणी (एंडोटॉक्सिन मोजणारी) करा. मायकोप्लाझ्मा या कल्चरमध्ये लपून वाढणाऱ्या जिवाणूसाठीही पेशी तपासा, कारण मायकोप्लाझ्मा असलेल्या पेशींच्या पुटिकाही प्रतिकारपेशींना चेतवतात.

रंगांचंही तसंच. पुटिका कुठे गेल्या हे पाहायला पीकेएच किंवा डीआयआयसारखे रंग वापरतात. पीकेएच स्वतःच पुटिकेच्या आकाराचे कण बनवतो, आणि पुटिका पचून गेल्यावरही हे रंग पेशीत रेंगाळतात. रंग आणि बफर एवढंच घेतलेला कंट्रोल नसेल, तर 'ट्यूमरमध्ये पोहोचलं' या विधानावर मी विश्वास ठेवत नाही.

आता लिपोसोमचं. अनेकजण या दोघांना प्रतिस्पर्धी मानतात. डॉक्सोरुबिसिनचं लिपोसोम १९९५ मध्ये मान्यता मिळवून वापरात आलं. लिपोसोममध्ये औषध भरणं, मोजणं आणि प्रत्येक तुकडी सारखी बनवणं पुटिकेपेक्षा खूप सोपं आहे. तुमच्या औषधाला फक्त पोहोचवणाऱ्याची गरज असेल, तर लिपोसोम घ्या आणि दोन वर्षं वाचवा. पुटिका तेव्हाच घ्या जेव्हा तिच्यावर नैसर्गिकरीत्या असलेलं किंवा पेशीकडून सहज बसवून घेता येणारं काहीतरी कामाला येतं: योग्य घडीचं पटल-प्रथिन, एमएचसीवर बसलेला प्रतिजन, विशिष्ट पेशीकडे ओढ. यकृतातल्या मॅक्रोफेजना ट्यूमरविरोधी बनवण्यासाठी एसटीएटी६ या जनुकाविरुद्धचं अँटिसेन्स पुटिकांतून देण्याचा प्रयत्न झाला. तिथे पुटिका जिथे जाते तिथेच औषध हवं होतं. अशी जुळणी शोधा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमच्याकडे जनुक बदललेल्या पेशी-रेषा बनवायची सोय आहे का? नसेल तर पृष्ठभागावर सायटोकाइन बसवण्याचा मार्ग लांबचा ठरेल. गाठ टोचता येण्यासारखी आहे का, त्वचेजवळ आहे की खोल? मानवी पेशींच्या पुटिका पूर्ण प्रतिकारयंत्रणा असलेल्या उंदरात देणार असाल, तर परक्या प्रथिनांविरुद्धचा प्रतिसाद औषधाच्या परिणामात मिसळेल. त्यामुळे उंदराचा ट्यूमर आणि उंदराच्याच दाता पेशी घेणं बरं. आणि प्रतिकारयंत्रणा नसलेल्या उंदरात इम्युनोथेरपीचा वाहक तपासण्यात अर्थ नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी असे शोधनिबंध अजून येतात म्हणून सांगितलं.

मी तुमच्या जागी असतो तर स्टिंग अ‍ॅगोनिस्ट घेतलं असतं, एचईके२९३ च्या पुटिका घेतल्या असत्या, आणि पहिला मोठा प्रयोग पाच गटांचा केला असता: फक्त बफर, रिकाम्या पुटिका, मोकळं औषध, रिकाम्या पुटिका आणि मोकळं औषध ऐन वेळी एकत्र, आणि भरलेल्या पुटिका. जमल्यास तेवढंच औषध घेतलेलं लिपोसोम हा सहावा गट. एचईके२९३ मानवी असल्यामुळे ही सुरुवात मानवी रक्तातून वाढवलेल्या डेन्ड्रिटिक पेशींवर काचेतच (प्रयोगशाळेतल्या भांड्यात) करायची, आणि उंदरात जाताना उंदराच्या पेशी-रेषेकडे वळायचं. चौथा गट बहुतेकजण गाळतात आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. भरलेल्या पुटिकांनी त्याच्यापेक्षा ठळकपणे जास्त इंटरफेरॉन-बीटा (स्टिंग चेतल्याची खूण) दिलं नाही, तर भरण्याच्या सगळ्या खटाटोपाने काही मिळालं नाही असं समजायचं. रिकाम्या पुटिकांच्या गटातच पेशी चेतल्या, तर एंडोटॉक्सिनकडे परत जायचं.

साठवणीचं एवढंच: साध्या पीबीएसमध्ये (मिठाच्या बफरमध्ये) उणे ८० अंशांवर ठेवलेल्या पुटिका प्लॅस्टिकला चिकटून आणि फुटून लक्षणीय प्रमाणात कमी होतात. बफरमध्ये थोडं ट्रेहॅलोज आणि अल्ब्युमिन घाला, लहान भाग करून गोठवा, एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नका, आणि वितळल्यानंतरचे कण डोस देण्याच्या दिवशी परत मोजा.

हे उत्तर रुग्ण किंवा त्यांचे नातेवाईक वाचत असतील तर त्यांच्यासाठीही लिहितो. वर सांगितलेलं सगळं प्रयोगशाळेतलं किंवा चाचण्यांमधलं काम आहे. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ च्या डिसेंबरमध्ये मान्यता नसलेल्या एक्सोसोम उत्पादनांबद्दल लोकांना सावध केलं होतं, कारण काही रुग्णांना त्यातून गंभीर त्रास झाला होता. कुठे पैसे घेऊन कर्करोगासाठी एक्सोसोमचं इंजेक्शन देत असतील, तर नोंदणीकृत चाचणीचा क्रमांक मागा आणि तो तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना दाखवा.

विद्यार्थ्यासाठी शेवटचं काम: प्रबंधाचा आराखडा लिहिताना आंतरराष्ट्रीय बाह्यपेशीय पुटिका संघटनेची मायसेव्ह २०२३ मार्गदर्शक तत्त्वं शेजारी ठेवा आणि काय काय मोजणार ते त्यांतून आधीच ठरवा. प्रयोग संपल्यावर जुन्या नमुन्यांवर ती मोजमापं करायला गेलात, तर बहुतेक वेळा पुरेसा नमुनाच शिल्लक नसतो. स्टिंगचा मार्ग निवडलात तर भरण्याचा हिशोब करून तुमचे आकडे कळवा, पुढचं त्यावरून बोलू.